बॅटरीची गाडी आणि सरकारचा शब्द

पेडण्याहून सकाळी म्हापशाला जायला बस मिळते. संध्याकाळी सात वाजून गेल्यावर परत येणाऱ्याचे काय हाल होतात, हे पेडणेकराला सांगायला नको. डिचोलीकरांचीही तीच रड. म्हणून आपल्या दोन्ही तालुक्यांत घरटी एक तरी दुचाकी आहे, आणि जिथे मुले कमावती झाली तिथे तीन-तीन. ही श्रीमंती नव्हे, सरकारी बससेवेच्या अपयशाची पावती आहे.

गेली दोन वर्षे आम्ही विजेवर चालणारी स्कूटर वापरीत आहोत. घेतली ती पेट्रोलचा खर्च वाचावा म्हणून. पण खरे सांगायचे तर आता चाळिशी उलटल्यावर कामावर जाण्यात मजा वाटू लागली आहे. कोलवाळचा पूल ओलांडून धारगळच्या बाजूला लागलो की इतकी वर्षे इंजिनाच्या घरघरीत बुडालेले आवाज कानी पडतात. पावसात शेतातले बेडूक, चवथीच्या दिवसांत कुणाच्या तरी घरातून येणारी घुमटाची आरती. गियर नाही, किक नाही, धूर नाही. रस्त्यावर बसलेली गुरे मात्र आवाज नसल्यामुळे हलतच नाहीत, आणि वळणावर चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आपण मागून आलो हे कळत नाही. तेव्हा हॉर्न वाजवावा आणि वेग आवरावा, हे ओघाने आलेच.

आता हिशेब. आम्ही बँकेत आकड्यांशी खेळणारे, त्यामुळे हा भाग टाळणे शक्य नाही. घर ते म्हापसा आणि परत, शिवाय बाजारहाट धरून रोजचे ३५ किलोमीटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ८७५ किलोमीटर. लिटरला ४५ किलोमीटर देणाऱ्या स्कूटरला साडेएकोणीस लिटर पेट्रोल लागते. लिटरला शंभराच्या आसपास भाव धरला तर एकोणीसशे रुपयांच्या वर गेले. तेवढ्याच अंतराला आमची गाडी चार्जिंगमधली घट धरून पस्तीसेक युनिट वीज खाते. युनिटला पाच रुपये लावले तरी पावणेदोनशे. वर्षाला वीस हजारांची बचत झाली.

पण विक्रेता इथेच थांबतो, आणि इथेच फसगत होते. बॅटरी झिजते. कंपनीप्रमाणे तिची हमी तीन वर्षांपासून आठ वर्षांपर्यंत असते. हमी संपल्यावर बॅटरी बदलण्याचा खर्च अंगावर येतो. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला घसारा शिकवतात तो हाच. आमचा सल्ला असा की बचतीतले पाचशे रुपये दरमहा आवर्त ठेवीत टाकावेत. पाच वर्षांत व्याजाशिवाय तीस हजार होतात. एवढे बाजूला ठेवूनही ही गाडी आपल्या तालुक्यांच्या अंतरांना परवडते. पेडणे-म्हापसा काय किंवा डिचोली-म्हापसा काय, पंधरा-सतरा किलोमीटरचा मामला. पणजी झाली तरी तीसच्या आसपास. रात्री अंगणात चार्जिंगला लावली की दुसऱ्या दिवशीची चिंता नाही. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला हे सुख नाही. आपल्याला आहे, कारण आपल्याला अंगण आहे.

अंगण आहे, पण त्या अंगणापर्यंत येणारी वीज? पहिल्या पावसातच झाड तारेवर पडते आणि वाडा अंधारात बुडतो. रात्री अकराला गेलेली वीज पहाटे पाचला आली तर गाडी अर्धीच भरते, आणि सकाळी शेजाऱ्याकडे ‘मला म्हापशापर्यंत सोड’ म्हणावे लागते. आमच्यावर दोन पावसाळ्यांत ही वेळ चार वेळा आली. शिवाय जुनी घरे. गोव्यातल्या बहुतेक गावांत वीज आली ती मुक्तीनंतर, आणि कित्येक घरांत अजून त्याच काळातले लाकडी पट्टीवरचे वायरिंग आहे, अर्थिंगचा पत्ता नाही. अशा सॉकेटमध्ये चार्जर खुपसू नये. जाणत्या वायरमनकडून मोठा सॉकेट, वेगळा ब्रेकर आणि अर्थिंग करून घ्यावे, आणि गाडी पडवीत लावावी, निजायच्या खोलीजवळ नव्हे. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात काही ठिकाणी अशा गाड्यांना आगी लागल्या. त्यानंतर डिसेंबर २०२२ पासून केंद्राने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. त्याआधीची जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

दुसरी अडचण दुरुस्तीची. पहिल्याच पावसाळ्यात आमची गाडी एका चढावर थांबली. विक्रेत्याला फोन केला तर उत्तर आले, ‘सर्व्हिस पणजीच्या बाजूला होते, टेम्पोत घालून आणा.’ टेम्पोचे भाडे मोजून नेली, तर एका जोडणीत पाणी शिरले होते, एवढेच. गावचा मेकॅनिक बिचारा चेतक आणि लुना डोळे मिटून खोलायचा, पण या गाडीला हात लावायला तोही धजत नाही. गंमत म्हणजे त्या दोन्ही गाड्या आता विजेवर परत आल्या आहेत. १९७२ साली बाजारात आलेल्या चेतकने जानेवारी २०२० मध्ये पुण्यातून नवा अवतार घेतला, आणि लुनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये. नावे तीच, पण आतले काही ओळखीचे नाही. आयटीआयमधून आपल्या मुलांना हे काम शिकवले तर तालुक्यात दहा-वीस संसार उभे राहतील.

आता मुद्द्यावर येतो. डिसेंबर २०२१ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, गोवा सरकारने विजेवरच्या वाहनांसाठी धोरण आणले. दुचाकीला जास्तीत जास्त तीस हजारांचे अनुदान, आणि बेत पाच वर्षांचा. लोकांनी सरकारच्या शब्दावर कर्जे काढली. काउंटरच्या अलीकडे बसून आम्ही पाहिले आहे, हप्ता ठरवताना माणूस अनुदान हातात आल्यासारखेच धरून चालतो. आणि २०२२ साली, वर्षही भरायच्या आत, सरकारने ही योजना गुंडाळली. मतदान फेब्रुवारीत होऊन गेले होते, हे वेगळे सांगायला नको.

केंद्राचीही तीच तऱ्हा, पण तिथे निदान चढउतार आधी कळत होता. बॅटरीच्या एका युनिटमागे पंधरा हजार मिळत होते ते जून २०२३ पासून दहा हजार झाले, ऑक्टोबर २०२४ च्या नव्या योजनेत पाच हजार, आणि २०२५-२६ साठी अडीच हजार. तरी एक गोष्ट चांगली होती: ही रक्कम दुकानातच किमतीतून वजा होत असे.

या संदर्भात २०१२ आठवते. मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने पेट्रोलवरचा कर जवळजवळ काढून टाकला आणि लिटरमागे अकरा रुपये उतरले. बांदा-सावंतवाडीची माणसे पत्रादेवी ओलांडून टाकी भरायला येऊ लागली. त्या निर्णयाचे पुढे काय झाले आणि कर पुन्हा कसा चढला हा भाग निराळा. पण तेव्हा कुणाला अर्ज भरावा लागला नाही, दाखला जोडावा लागला नाही, आमदाराच्या दारात उभे राहावे लागले नाही. पंपावर गेला त्याला लाभ मिळाला. मदत द्यायची तर अशी द्यावी.

पुढे जुलै २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले की जानेवारी २०२४ पासून पर्यटकांना भाड्याने द्यायची नवी वाहने विजेवरचीच असतील. मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत साखळीचे, म्हणजे आपल्या डिचोली तालुक्याचेच प्रतिनिधी, म्हणून हे अधिक आपुलकीने विचारतो: विजेची गाडी आधी पर्यटकाला का? मोरजी-हरमलला चार दिवस राहून जाणाऱ्याने धूर सोडू नये हे ठीकच. पण भाड्याच्या गाड्या ठेवणारी मुले आपलीच आहेत. अनुदान बंद करून त्यांच्यावर महागड्या गाड्यांची सक्ती करणे म्हणजे गोव्याच्या नावलौकिकाचा हप्ता त्यांच्या खिशातून भरणे. आणि मोपाचा विमानतळ २०२३ च्या आरंभी सुरू झाल्यापासून पेडण्यातून त्या बाजूला कामाला जाणाऱ्या पोरापोरींचे काय? त्यांची पाळी रात्री दोनला सुटते. त्यांना ना बस, ना अनुदान.

आमच्या मते पहिला हक्क पायलटांचा. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर प्रवासी नेणारा पायलट ही गोव्याची जुनी ओळख. दिवसभर थांब्यावर उभा, फेऱ्या जवळच्या. विजेच्या गाडीला याहून योग्य धंदा नाही. म्हापसा, पेडणे, डिचोली आणि साखळीच्या बसस्थानकांवर त्यांच्या थांब्यापाशी चार चार्जिंगचे सॉकेट बसवायला खजिना रिकामा होणार नाही.

पर्यावरणाचा डांगोरा मात्र आम्ही पिटणार नाही. गोव्याला लागणारी वीज मुख्यतः बाहेरून येते आणि तिच्यातली बरीच कोळशाची आहे. आमचा धूर दुसऱ्याच्या गावात निघतो, एवढाच फरक. खाणीच्या टिपरांच्या धुळीत वाढलेल्या डिचोलीकराला दुसऱ्याच्या धुराची किंमत कळावी.

मंडळाच्या येत्या बैठकीत हा विषय ठेवला आहे. ज्यांच्या घरी बॅटरीची गाडी आहे, त्यांनी गेल्या सहा महिन्यांच्या वीजबिलांच्या झेरॉक्स आणाव्यात, आणि रात्रीची वीज कोणत्या तारखेला किती तास गेली याची नोंद असल्यास तीही. निवेदन वीज खात्याला द्यायचे आहे, ते आकड्यांनिशी द्यावे असा आमचा आग्रह आहे.