रिश्त्यात लपवलेली गोळी

मुलीच्या रिश्त्याची बोलणी सुरू झाली की आपल्याकडे दोन वस्तू कपाटात आत सरकवल्या जातात. एक तिचा चष्मा आणि दुसरी थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली. चष्मा निकाहनंतर आठवडाभरात बाहेर येतो. गोळी मात्र कित्येकदा येतच नाही. सासूबाई विचारतील, नणंद विचारेल, "नवी दुल्हन रोज सकाळी कसली गोळी खाते?" या भीतीने मुलगी ती बंद करते. ही गोष्ट घराघरांत घडते, आणि मला ती धोकादायक वाटते.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, डॉक्टर नाही. पण गेली नऊ वर्षे मी स्वतः ही गोळी घेते. पालक सभेनंतर मागे थांबून आपल्या मुलींबद्दल हळू आवाजात विचारणाऱ्या आया मला दरवर्षी भेटतात. म्हणून हे लिहिते.

आधी आजार काय आहे ते पाहू. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. ती थायरॉक्सिन नावाचा हार्मोन तयार करते. शरीराचा कारभार कोणत्या गतीने चालावा हे हा हार्मोन ठरवतो. तो कमी पडला की सगळेच मंदावते. थकवा जात नाही, वजन वाढते, बद्धकोष्ठ होते, इतरांना पंखा हवा असताना हिला चादर लागते. केस गळतात, कातडी कोरडी पडते, पाळी जास्त जाते, मन उदास राहते, आठवण दगा देते. रक्तातले कोलेस्टेरॉलही वाढू शकते. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी मग थायरॉइडला जास्त जोराने हाका मारू लागते. त्या हाकेचे नाव टीएसएच. म्हणूनच थायरॉइड सुस्त पडला की तपासणीत टीएसएच वाढलेला दिसतो.

ही लक्षणे पुन्हा वाचा. आपल्या घरांत यांना कोणती नावे आहेत? आळशी, कामचोर, नखरेल, नाहीतर "नजर लागली". दम करून घेतला जातो, तावीज बांधला जातो, रक्त मात्र तपासले जात नाही. दुआ जरूर करा, पण इलाज करून घेणे हीदेखील आपल्या हुजूरांची (स.) शिकवण आहे. प्रत्येक थकवा थायरॉइडचाच असतो असेही नाही. आपल्या बायकांत रक्त कमी असणे फार आढळते. खरे कारण तपासणीतून कळते, टोमण्यातून नाही.

हा आजार दुर्मीळही नाही. मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ शहरांत झालेला एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढांपैकी सुमारे 11 टक्के लोकांत थायरॉइडची कमतरता आढळली. पुरुषांपेक्षा बायकांत ती कितीतरी जास्त असते. मिठात आयोडीन असूनही असे का होते, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आयोडीन कमी पडणे हे एक कारण झाले. दुसरे मोठे कारण म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच थायरॉइडवर हल्ला करते. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरने 1912 साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्याला हाशिमोटोचे नाव आहे. यात मुलीचा दोष नाही, तिच्या आईच्या स्वयंपाकाचाही नाही.

आता मूळ मुद्दा. पोटातल्या बाळाचा थायरॉइड सुरुवातीचे महिने काम करत नाही. त्या काळात बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी लागणारा हार्मोन आईकडूनच येतो. म्हणून गरोदरपणात आईची गोळीची गरज वाढते, बहुधा पाव ते निम्म्या पटीने. नेमक्या याच दिवसांत आपली नवी दुल्हन गोळी लपवून बसलेली असते. इलाज नसेल तर गर्भपाताचा धोका वाढतो, बाळ वेळेआधी येऊ शकते, त्याच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मग तेच घर म्हणते, "हिला औलाद टिकत नाही." म्हणजे इज्जत राखण्यासाठी जे लपवले, त्याचीच किंमत ती मुलगी आणि तिचे बाळ मोजते. उलट गोळी नियमित असेल आणि टीएसएच ताब्यात असेल, तर या आजाराच्या असंख्य बायका निरोगी मुलांच्या आया झाल्या आहेत.

"या गोळीची सवय लागते" असे म्हणणाऱ्यांना मी विचारते, चष्म्याची सवय लागते का? शरीरात जे कमी पडते तेवढेच ही गोळी भरून देते. डॉक्टर सहसा देतात ते लेवोथायरॉक्सिन प्रयोगशाळेत बनवलेले असते. थायरॉक्सिन असे कृत्रिमरीत्या बनवणे 1927 साली साधले. डुकराच्या ग्रंथीपासून केलेले औषध वेगळे, त्यामुळे हलाल-हरामचा घोळ मनात ठेवून गोळी सोडू नका. शंका असेल तर औषध दुकानदाराला घटक विचारा.

गोळी घेण्याची रीत मात्र सांभाळावी लागते. ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर हवे. रमजानमध्ये बऱ्याच जणी महिनाभर ती सोडूनच देतात, ते करू नये. सहरीला उठल्याबरोबर गोळी घ्या आणि जेवण अर्ध्या-पाऊण तासाने करा. नाहीतर रात्री शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी, झोपताना घ्या. कोणती वेळ ते रमजानच्या आधी डॉक्टरांशी ठरवा. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा लागतो. बाळाची बातमी कळताच दवाखाना गाठावा, डोस आपल्या मनाने वाढवू नये.

माझे म्हणणे मुलींच्या आयांपेक्षा मुलांच्या आयांना जास्त आहे. मुलीची आई लपवते, कारण तुम्ही रिश्ता मोडाल अशी तिला भीती असते. बोलणी चालू असताना तुम्हीच पहिल्यांदा म्हणा, "आपा, आमच्या मुलाला अमुक त्रास आहे, अमुक औषध चालू आहे. मुलीचेही काही असेल तर मोकळेपणाने सांगा, आमची काही हरकत नाही." आणि सून घरी आली की तिच्या गोळ्यांची बाटली समोरच्या फळीवर ठेवायला जागा करून द्या.