नवा राजवाडा : दालनातील आणि दालनाबाहेरील

खांदा कॉलनीतून सुट्टीत कोल्हापूरकडे निघणाऱ्या जैन कुटुंबांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. प्रथम कुंभोज येथे बाहुबलींच्या अठ्ठावीस फुटी मूर्तीचे दर्शन, मग शहरातील मंदिरे आणि परतीपूर्वी नवा राजवाडा.

हा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिला. आराखडा मेजर चार्ल्स मॅंट यांचा. मात्र वास्तू पुरी होण्याआधीच, १८८१ मध्ये, त्यांचे निधन झाले. काळ्या पाषाणातील या वास्तूत युरोपीय बांधणीबरोबर गुजरात व राजस्थानातील जैन आणि हिंदू मंदिरांच्या शैलीची छाया आढळते. घड्याळाचा उंच मनोरा दुरूनच लक्ष वेधतो. दरबार हॉलच्या रंगीत काचांवर शिवचरित्रातील प्रसंग आहेत. तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय असून छत्रपती घराण्याचे वास्तव्य आजही येथेच आहे. म्हणूनच ही वास्तू निर्जीव वाटत नाही.

शस्त्रे, पोशाख, जुनी छायाचित्रे पाहत पुढे जाताच पेंढा भरलेले वाघ, बिबटे, अस्वले सामोरी येतात. सकाळी बाहुबलींच्या चरणी माथा टेकवून आलेले मूल येथे थबकते आणि विचारते, "यांना का मारले?" अनेक पालक त्याचा हात धरून पुढे निघतात. परंतु प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही सरळ असावे. त्या काळी शिकार हे राजघराण्यांचे भूषण मानले जाई. अहिंसेचा संस्कार झालेल्या मनाला ते पटू नये, हेच योग्य. मुलाला तसे सांगण्यात घराण्याचा अवमान नाही.

मात्र उत्तर तेथेच संपू नये. याच घराण्यातील राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला. पुढच्याच वर्षी शाहूपुरी ही बाजारपेठ वसवली आणि कोल्हापुरी गुळाच्या व्यापाराला हक्काची जागा मिळाली. निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वसतिगृहांना आश्रय दिला. १९०१ मध्ये सुरू झालेले दिगंबर जैन बोर्डिंग त्यांपैकीच एक होय. कुंभोजमध्ये जन्मलेला एक जैन विद्यार्थी या बोर्डिंगमध्ये राहिला. तेच पुढे कर्मवीर भाऊराव पाटील झाले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय याच संस्थेचे. म्हणजे राजवाड्यातून निघालेला एक धागा खांदा कॉलनीच्या शेजारापर्यंत पोहोचला आहे.

शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे अण्णासाहेब लठ्ठे हेही जैनच. पुढे ते कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले.

व्यापारी कुटुंबाला जमा आणि खर्च या दोन्ही बाजू वाचण्याची सवय असते. राजवाडाही तसाच वाचावा. दालनात जे मांडले आहे, ती घराण्याची जमा. त्या भिंतींबाहेर जे दिले गेले, तो खर्च. अपरिग्रहाचा अर्थ मुलांना समजावताना दुसरी बाजू अधिक उपयोगी पडते. म्हणून राजवाडा पाहून झाल्यावर गाडी थेट महामार्गाला न लावता शाहूपुरीच्या पेठेवरून आणि जैन बोर्डिंगवरून न्यावी. मुलाच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर तेथे मिळेल.