अँटिबायोटिकला रुग्णालयात लगाम, मग मेडिकलवर मोकळं रान का?

अँटिबायोटिक उठसूट लिहू नका, असं सरकार डॉक्टरांना सांगतंय. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांना पत्र दिलं : अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी, हे चिठ्ठीवर नमूद करा. औषध विक्रेत्यांनाही बजावलं : चिठ्ठीशिवाय देऊ नका.

आपल्या गावाशी याचा काय संबंध?

कपाशीवाल्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळी मरायची. पण त्यातूनही काही चिवट गुलाबी अळ्या वाचल्या, त्यांचीच पैदास वाढली आणि २०१७ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात हाती पोखरलेली बोंडं आली. जंतूंचंही तसंच आहे. औषधाने कच्चे मरतात, चिवट उरतात. मग लघवीची जळजळ, बाळंतपणानंतरचा ताप, ऑपरेशनची जखम, यांवर नेहमीचं औषध लागू पडत नाही. 'लॅन्सेट'मधल्या अभ्यासानुसार, अशा जंतूंमुळे २०१९ मध्ये जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं दगावली.

म्हणून काही मोठ्या रुग्णालयांत मेरोपेनेम, कोलिस्टिनसारखी जड औषधं वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय देत नाहीत. रक्त-लघवीचं कल्चर पाठवतात आणि दोन-तीन दिवसांत रिपोर्ट आला की औषध बदलतात किंवा थांबवतात. हे योग्यच आहे.

पण खरी गळती खाली आहे. १ मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' लागू आहे. त्या यादीतलं अँटिबायोटिक विकताना दुकानदाराने डॉक्टरचं, पेशंटचं आणि औषधाचं नाव वहीत लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. तुमच्या गावच्या मेडिकलवर ही वही शेवटची कधी पाहिली, आठवून बघा. केरळने २०२४ मध्ये 'ऑपरेशन अमृत' नावाने दुकानांवर अचानक तपासण्या सुरू केल्या. आपल्याकडे एफडीएला ते का जमू नये?

सगळा दोष पेशंटच्या माथी मारूनही चालणार नाही. दवाखान्यात दिवस गेला तर मजुराची मजुरी बुडते. बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत कल्चरची सोय नाही, त्यामुळे डॉक्टरलाही अंदाजाने औषध द्यावं लागतं. नियम कडक करायचा असेल, तर तालुक्याच्या ठिकाणी नमुना घेऊन वेळेत रिपोर्ट मिळायला हवा. नाहीतर लगाम गरिबाला आणि मोकळीक पैसेवाल्याला, असं होईल.

तोवर आपल्या हातात एवढं आहे :

- सर्दी, फ्लू, डेंग्यू, चिकनगुनिया हे विषाणूंचे आजार. त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. डॉक्टरने दिलं नाही म्हणून तो 'कच्चा' ठरत नाही.
- गोळी घेताना विचारा : हे अँटिबायोटिक आहे का? कशासाठी? किती दिवस?
- उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका. टीबीचा कोर्स मध्येच सोडू नका.
- धाप लागली, ताप उतरेना किंवा तान्ह्या बाळाला ताप आला, तर मेडिकल नको, थेट दवाखाना गाठा.