रगडणाऱ्या हातांना शास्त्राची जोड हवी

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याचा अभिमान आपण सारेच बाळगतो. पण त्या दिवसाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही. जपानच्या इशीशी झालेल्या दीर्घ झुंजीनंतर खाशाबांना लगेचच सोव्हिएत मल्लासमोर उभे करण्यात आले. नियमानुसार अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. ती मागण्यास भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले शरीर हरले. बळ मल्लाकडे होते. त्या बळाची निगा राखणारे त्याच्या पाठीशी कोणी नव्हते.

सातारा-सांगलीच्या मातीला ही निगा अपरिचित नाही. हिंदकेसरी मारुती माने यांच्या कवठेपिरानसारख्या गावांतून तालमीचे संस्कार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मेहनत झाली की धाकट्या पठ्ठ्यांनी थोरल्यांचे अंग रगडावे, कोठे स्नायू आखडला आहे हे बोटांनी ओळखावे, ही तालमीतली न लिहिलेली शिकवणी. आयुर्वेदाने अभ्यंगाला दिनचर्येत स्थान दिले. दिवाळीच्या पहाटेपासून बाळ-बाळंतिणीच्या न्हाणीपर्यंत आपल्या घरांनी ते जपले.

परंतु परंपरेचा गौरव करून थांबणे म्हणजे तिची सेवा नव्हे. मर्दनाने अंगातील ‘ॲसिड’ निघून जाते, असे अनेक ठिकाणी ठामपणे सांगतात. वस्तुतः व्यायामाने रक्तात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात आपोआप ओसरते. मर्दनाने दुखरेपणा काहीसा उतरतो, शरीर सैल होते, झोप सुधारते. हा लाभ लहान नाही. मात्र तो आहे तेवढाच सांगावा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हात केव्हा लावू नये हे कळणे. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरचा कोपर वजन उचलताना दुखावला आणि सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले. अशा ताज्या दुखापतीवर तेल लावून रगडणे हा उपचार नसून अपाय आहे. पोटरी एकाच बाजूने सुजून दुखत असेल, तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळल्याने सुटून फुप्फुसात गेली, तर प्राणावर बेतते. ताप, मोडलेले हाड, त्वचेचा संसर्ग यांतही मर्दन वर्ज्य. एकाच फडक्याने साऱ्यांचे अंग पुसण्याची सवय तर तालमीत नायटा पसरवते. ‘उसण भरली, रगडून टाक’ या सल्ल्यात कित्येकदा प्रेम असते, ज्ञान नसते.

हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. किती दाब द्यावा, स्नायूच्या कोणत्या दिशेने हात फिरवावा, कोठे थांबावे, हे जाणत्याच्या देखरेखीखाली शेकडो वेळा हात चालवूनच उमगते. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडला भौतिकोपचाराचे शिक्षण मिळते, साताऱ्यात आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय आहे. वस्ताद, वैद्य आणि भौतिकोपचारतज्ज्ञ या तिघांनी एकत्र येऊन वर्षभराचा प्रात्यक्षिकप्रधान अभ्यासक्रम का चालवू नये? सकाळी शरीररचना, संध्याकाळी प्रत्यक्ष आखाड्यात काम आणि शेवटी केवळ लेखी नव्हे, तर हाताची परीक्षा. २०२१च्या केंद्रीय कायद्याने भौतिकोपचाराला नियमनाची चौकट दिली आहे. मर्दन करणाऱ्याने स्वतःस डॉक्टर म्हणवून घेऊ नये. आपली सीमा ओळखून रुग्ण योग्य वेळी पुढे पाठवावा, हाही शिक्षणाचाच भाग.

येथे एक प्रश्न टाळून चालणार नाही. मार्च २०२३मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीतच झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने ती जिंकली. मुली आखाड्यात उतरल्या. त्यांच्या दुखऱ्या खांद्याची काळजी कोणी घ्यावयाची? जुनी शिकवणी पुरुषांच्या तालमीत वाढली, ती मुलींपर्यंत पोहोचली नाही. प्रशिक्षित स्त्रिया तयार झाल्याखेरीज ही उणीव भरून निघणार नाही. पोलीस व सैन्य भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारी, नडगीच्या वेदना लपवणारी मुले-मुलीही याच काळजीची वाट पाहत आहेत.

शेवटचा अडथळा आपल्या मनात आहे. ‘मालीशवाला’ हा शब्द आपण ज्या सुरात उच्चारतो, त्या सुरात मुलाला ही विद्या शिकावीशी कशी वाटेल? जपानमध्ये या कामासाठी शासकीय परवाना लागतो आणि तेथील अंध बांधवांनी शतकानुशतके या विद्येवर सन्मानाने चरितार्थ चालवला. पदक मिळाल्यावर मिरवणूक काढणारा समाज आपण आहोतच. पदकापूर्वीच्या चार वर्षांत खेळाडूच्या पाठीवर जो हात असतो, त्यालाही मान आणि योग्य मोबदला देण्याची बुद्धी आपल्याला हवी. हेलसिंकीत जी जागा रिकामी होती, ती भरण्याचे काम गोळेश्वरच्या पंचक्रोशीतूनच सुरू व्हावे.