शांपूतला बदाम आणि शांपूतली गवार

शांपूच्या बाटलीवर पुढे बदाम असतो, दूध असतं, मध असतो. माझा यांच्यावर काही राग नाही. पण केस मऊ केल्याचं श्रेय ज्याला मिळायला हवं तो बिचारा मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत: पॉलिक्वाटर्नियम-१०, नाहीतर ग्वार हायड्रॉक्सिप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड. घाबरू नका. पहिला सेल्युलोजपासून करतात, दुसरा गवारीच्या बियांच्या डिंकापासून. हो, तीच भाजीतली गवार!

दोन्ही म्हणजे लांबलचक साखळ्या, धन प्रभाराच्या. आणि फेस करणारं सोडियम लॉरेथ सल्फेट ऋण प्रभाराचं. मग बाटलीतच दोघांचा साका का बसत नाही? कारण तिथे फेसवाल्यांचं बहुमत असतं. त्यांचे रेणू झुंडीने साखळीला इतके चिकटतात की अख्ख्या गठ्ठ्यावर ऋण प्रभार चढतो. गठ्ठे एकमेकांना दूर ढकलतात, द्रावण नितळ राहतं.

खरी गंमत डोक्यावर पाणी ओतल्यावर. शांपू पातळ होतो, चिकटलेले रेणू सुटायला लागतात आणि धन-ऋणाची बेरीज शून्याच्या आसपास येते. ढकलाढकली संपली! गठ्ठे एकत्र येऊन पाण्यातून वेगळे होतात, जेलीसारखे थेंब बनतात. यांना म्हणतात कोअॅसर्व्हेट. हा शब्द १९२९ चा, बुंगेनबर्ग द योंग आणि क्रुइट या डच शास्त्रज्ञांचा. हे थेंब केसांवर बसतात, आणि शांपूत सिलिकॉन असेल तर त्यालाही सोबत घेऊन बसतात.

प्रोग्रॅमर म्हणून मला याचा हेवा वाटतो. कारखान्यात लिहिलेला कोड नेमका गिऱ्हाइकाच्या न्हाणीघरात, योग्य क्षणी चालतो. आणि कंपन्या लपवतात काय, तर हेच! वर 'केमिकल-फ्री' म्हणून आपल्याला घाबरवायचं आणि जास्त पैसे घ्यायचे. (पाणी हे केमिकल नाही वाटतं?)

बदामाच्या जागी एक उपयोगाची ओळ छापली असती तर? आपल्याकडे काटकसर म्हणून शांपू आधी मगभर पाण्यात कालवायची पद्धत आहे. मळ निघतो, तक्रार नाही. पण अशा शांपूचे थेंब मग केसांऐवजी मगातच तयार व्हायला लागतात. पटत नसेल तर पॉलिक्वाटर्नियम-१० वाला पारदर्शक शांपू घ्या, काचेच्या ग्लासात चमचाभर टाका आणि दहा चमचे पाणी घालून ढवळा. बहुधा गढूळ होईल. ते जे गढूळ दिसतंय ना, त्याचेच तुम्ही पैसे मोजलेत.