विहिरीतलं भूत



आपल्या वडूज भागात पडक्या विहिरीत गाळ काढायला उतरलेला गडी निपचित पडला, वाचवायला गेलेला भाऊही पडला, की लोक म्हणतात, आसरांनी धरलं. आसरांना खण-नारळ जरूर वाहा. पण धरणारं भूत निराळं आहे. पाला कुजून प्राणवायू घटतो आणि हवेहून जड कर्बवायू तळाशी साचतो. त्याला रंग नाही, वास नाही.

इटलीत नेपल्सजवळ ‘कुत्र्याची गुहा’ आहे. तिथं उभा माणूस शाबूत राही, कुत्रं मात्र बेशुद्ध पडे. कारण हाच वायू, जमिनीलगत साचलेला.

विहिरीत इंजिन चालवलं, तर धुराचं विष आणखी वाढतं. म्हणून आत वारा खेळवल्याशिवाय, कमरेला दोर आणि वर चार माणसं असल्याशिवाय उतरू नका. कोणी पडलाच, तर मागोमाग उतरू नका. ११२ ला फोन करा. एकामागं दुसरा जातो, तो घाईनंच.