कलेची नोंद, कलावंताची ओळख

अजिंठ्याची भित्तिचित्रे जगाला ठाऊक आहेत. ती रंगविणाऱ्यांची नावे मात्र अज्ञात आहेत. मेजर गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. पुढे ग्रिफिथ्स व जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या अनेक प्रतिकृती १८८५च्या आगीत गेल्या. तरी १८९६-९७ मध्ये निघालेल्या ग्रंथांमुळे ते श्रम अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

नोंद ठेवणे हा अहंकार, असे काहींना वाटते. आम्हांस ते पटत नाही. सारे अनित्य आहे, म्हणूनच नोंद हवी. विहारांतील चित्रे, जयंतीचे देखावे घडविणारे आपले हात अनामिक राहू नयेत. कलावंतांनी प्रत्येक चित्रामागे नाव, वर्ष, माप, माध्यम लिहावे. छायाचित्रे व सूची दोन ठिकाणी जपावी.